मागून येणाऱ्याला दिसावं म्हणून

जानेवारीतली रात्र, साडेनऊचा सुमार. आष्ट्याहून सांगलीकडे येताना पुढे ट्रॅक्टर आहे हे आम्हाला आधी ऐकू आलं, मग दिसलं. टेपवर गाणं मोठ्यानं लागलेलं होतं. गाडी माझा मामेभाऊ चालवत होता. त्यानं वेग कमी केला आणि आमच्या दिव्यांच्या उजेडात एकदम उसाची भिंत उभी राहिली. ट्रॉलीच्या मागे पाचट आणि शेंडे इतके खाली लोंबत होते की फाळका, त्यावरचा नंबर, दिवा असलाच तर तो दिवा, सगळं झाकून गेलं होतं. पाचटाचा रंग रात्री कशातही मिसळून जातो. त्या ट्रॉलीपुढे दुसरी ट्रॉली, तिच्यापुढे ट्रॅक्टर. समोरून येणाऱ्याला ट्रॅक्टरचे झगझगीत दिवे दिसत होते. मागून येणाऱ्याला काहीच नाही.

"आपण चारचाकीत आहोत म्हणून," भाऊ म्हणाला. वाक्य त्यानं तिथंच सोडलं. ते पुरं करायची आमच्या घरात कुणाला गरज पडत नाही.

या अंकाच्या संपादकांचा फोन त्याच आठवड्यात आला होता, दरवर्षीपेक्षा बराच लवकर. विषय 'वाट'. त्यांच्या मनात कृष्णाकाठच्या जुन्या पायवाटा होत्या. मी म्हटलं, मला डांबरी रस्त्यावर लिहू द्या. २०२२ या एका वर्षात देशातल्या रस्त्यांवर १ लाख ६८ हजार ४९१ माणसं गेली, अशी केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयाची नोंद आहे. तासाला एकोणीस. त्यातली १५ हजारांहून अधिक आपल्या राज्यातली. हा आकडा आपण पेपरात वाचतो आणि पान उलटतो, मीही उलटत आले. पण यातल्या प्रत्येक अपघाताच्या आधी कुणीतरी काहीतरी करायचं राहून गेलेलं असतं, आणि नंतर एका घरावर वर्षानुवर्षांचं काम येऊन पडतं. या दोन्ही गोष्टी जवळून पाहायच्या म्हणून मी पुढचे काही महिने फिरले.

उजेड परत येतो कसा

सुरुवात साखर कारखान्याच्या केनयार्डात केली. दुपारी तीनची वेळ, दीड-दोनशे गाड्या ओळीनं लागलेल्या. वजनकाट्यापर्यंत नंबर यायला कधी सहा तास, कधी रात्रभर. ट्रॅक्टरखाली सावलीत एक चालक पडला होता. उठून बसला, बोलायला लागला. त्याचं गणित सरळ होतं. पैसे टनावर. दोन ट्रॉल्यांत मिळून वीस टनांच्या आसपास बसतं. तोडणीच्या टोळीसाठी मुकादमाला दिलेली उचल मालकाच्या डोक्यावर, त्यातली निम्मी टोळी यंदा आलीच नाही. म्हणून आहे त्या टोळीवर जास्तीत जास्त खेपा. "झोप कधी?" असं विचारल्यावर त्यानं ट्रॅक्टरखालच्या गोणपाटाकडे बोट दाखवलं.

टेपचा आवाज इतका का, हेही विचारलं. "झोप लागू नये म्हणून, ताई. रात्री दोनला निसतं इंजिन ऐकत बसलं की डोळं मिटत्यात." त्या आवाजात मागचा हॉर्न ऐकू येत नाही हे त्याला ठाऊक आहे. दोन धोक्यांपैकी त्यानं एक निवडलेला आहे.

ट्रॉलीला मागे दिवा का नाही, याचं उत्तर मला वाटलं होतं तसं निष्काळजीपणाचं निघालं नाही. दिव्याची वायर ट्रॅक्टरपासून पहिल्या ट्रॉलीला, तिथून दुसरीला जोडावी लागते. फडात चिखलातून ओढताना ट्रॉल्या सोडाव्या लागतात, एकेक बाहेर काढावी लागते, पुन्हा पिन घालून जोडावी लागते. चार खेपांत वायर तुटते. पाचव्या खेपेला ती कोण जोडत बसणार?

म्हणून रेडियमची पट्टी. तिला वायर लागत नाही, बॅटरी लागत नाही. तिच्या पृष्ठभागात बारीक मणी किंवा लोलकासारखे कोन बसवलेले असतात. साध्या पांढऱ्या रंगावर पडलेला उजेड चहूकडे विखुरतो. पट्टीवर पडलेला उजेड ज्या दिशेनं आला त्याच दिशेला माघारी जातो. म्हणजे मागच्या मोटारसायकलवाल्याचाच उजेड त्याच्याच डोळ्यांत परत येतो. पुढे पांढरी, बाजूंना पिवळी, मागे लाल, असा मालवाहू गाड्यांचा नियम. ही पट्टी स्वस्त आहे. हंगामाच्या सुरुवातीला आरटीओची माणसं यार्डात येऊन ती लावतात, कारखानेही वाटतात. अडचण पुढे सुरू होते. दोन दिवसांत तिच्यावर चिखलाचा थर बसतो, तिसऱ्या दिवशी वरून पाचट लोंबतं. पट्टी कागदोपत्री असते आणि रस्त्यावर नसते. ती फडक्यानं पुसणं हे कुणाचंच काम म्हणून ठरलेलं नाही.

त्या फडक्याचं मोल किती? ताशी ६० किलोमीटरच्या वेगात मोटारसायकल एका सेकंदाला जवळजवळ १७ मीटर कापते. समोर काही आहे हे उमगून हात-पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, तेवढ्यात वीस-पंचवीस मीटर गेले. ब्रेक लागल्यावर कोरड्या रस्त्यावरही थांबायला आणखी वीसेक मीटर. डिप केलेल्या दिव्याचा उजेड मात्र तीस-चाळीस मीटरच पोचतो. ट्रॉली दिसते तेव्हा थांबण्याची जागा संपलेली असते. स्वच्छ पट्टी याच्या कितीतरी आधी डोळ्यांत भरते. बातमीत दुसऱ्या दिवशी 'भरधाव दुचाकी' असं येतं. त्या दुचाकीस्वाराचा वेग साठचाच होता, पण हे कुणी लिहीत नाही.

दगड

माझा मामा शिंपी होता. १९९६ च्या फेब्रुवारीत तो बाजारच्या गावाहून एम-एटी दुचाकीवर घरी येत होता, मागे कापडाचं गाठोडं. रस्त्यावर टायर फुटलेली उसाची ट्रॉली उभी होती. चालकानं चाकांना दगड लावले होते आणि मागे, पाच पावलांवर, आणखी दोन दगड ठेवून त्यावर निरगुडीची फांदी टाकली होती. तेवढीच खूण. मामाला ती दिसली नाही.

आजूबाजूच्या वस्तीवरची माणसं धावत आली. त्यांच्या मनात माया होती आणि घाई होती. दोघांनी खांदे धरले, दोघांनी पाय, मामाला उचलून जीपमध्ये टेकवून बसवलं. मिरजेच्या डॉक्टरांनी नंतर सांगितलं की कण्याचा मणका सरकला आहे, मज्जारज्जूला इजा आहे. ती धडकेत झाली की उचलताना झाली, हे आता सांगता येणार नाही. हे वाक्य आमच्या घरात त्यानंतर कित्येक वर्षं होतं. त्याला उचलणाऱ्यांपैकी एक जण मामाचा जिवलग मित्र होता. तो पुढे आमच्याकडे येईनासा झाला.

सकाळी माझे वडील जागेवर गेले तेव्हा ट्रॉली नव्हती. रात्रीतून टायर बदलून ती निघून गेली होती. नंबर कुणी घेतला नव्हता. दगड मात्र रस्त्यातच होते. वडिलांनी ते उचलून बाजूला टाकले, नाहीतर दुसऱ्या रात्री ते आणखी कुणाला लागले असते.

'ब्रेक फेल'

पुण्यात आल्यावर मी नवले पुलाजवळ उभी राहिले. मुंबई–बंगळुरू महामार्ग नव्या कात्रज बोगद्यातून बाहेर पडला की पुलापर्यंत सलग उतार आहे. खाली शहर आहे, सेवारस्ते आहेत, शाळेच्या बस आणि भाजीचे टेम्पो आहेत. २० नोव्हेंबर २०२२ च्या रात्री या उतारावर एका ट्रकनं सुरुवात केली आणि ४८ गाड्या एकमेकांत गुंतल्या. १३ नोव्हेंबर २०२५ ला कंटेनरनं गाड्यांना उडवलं, आग लागली आणि आठ माणसं गेली. दोन्ही वेळा पहिला शब्द ऐकू आला तो 'ब्रेक फेल'.

या शब्दाविषयी मी बोगद्याच्या अलीकडे, खेड शिवापूरच्या बाजूच्या एका गॅरेजमधल्या म्हाताऱ्या मिस्त्रींना विचारलं. त्यांनी हात पुसले आणि बाकड्यावर बसवलं. "ब्रेक फेल होत नाही, बाई. फेल केला जातो." मग त्यांनी सांगितलं ते असं. मालक चालकाला ठरावीक फेरीसाठी ठरावीक डिझेल देतो. वाचलं तर ती चालकाची वरकमाई. म्हणून उतार आला की गिअर काढायचा, गाडी न्यूट्रलवर सोडायची, कुणी कुणी इंजिनच बंद करतं. गिअरमध्ये असताना इंजिन स्वतः गाडीला मागे खेचून धरत असतं. ते सुटलं की तीस-चाळीस टनांचा सगळा भार ब्रेकच्या लायनरवर येतो. लायनर घासून तापतात, तापले की त्यांची पकड जाते. शिवाय जड गाड्यांचे ब्रेक हवेवर चालतात. इंजिन बंद म्हणजे हवा भरणारा पंप बंद, आणि प्रत्येक दाबागणिक टाकीतली हवा कमी. शेवटी चालक पूर्ण ताकदीनं पाय रोवतो आणि खाली काहीच लागत नाही. २०२२ च्या अपघातात चालकानं उतारावर इंजिन बंद ठेवलं होतं, असंच तपासात पुढे आलं.

"ज्या गिअरमध्ये चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरायचं. माझ्या उस्तादानं मला पहिल्या दिवशी सांगितलेलं," मिस्त्री म्हणाले. आजच्या चालकांना कुणी उस्ताद नाही, हेही त्यांनीच सांगितलं. पूर्वी क्लीनर म्हणून चार-पाच वर्षं काढल्यावर माणूस स्टिअरिंगला बसायचा. आता क्लीनर ठेवणं मालकाला परवडत नाही, त्यामुळे शिकायची जागाच गेली. लायसन्स मिळतं, घाट कुणी शिकवत नाही.

मला वाटतं, पंचनाम्यात 'ब्रेक फेल' लिहिलं की चौकशी तिथंच थांबते. डिझेल कोणत्या हिशेबानं दिलं, फेरी किती तासांत करायला सांगितली, आधीचा मुक्काम कुठे होता, या प्रश्नांना कागदावर रकाना नाही.

असे प्रश्न विचारून रस्ता बदलता येतो, हे आपल्याच राज्यात दिसलेलं आहे. मुंबई–पुणे द्रुतगती मार्गावर २०१६ मध्ये १५१ माणसं दगावली होती. राज्य रस्ते विकास महामंडळ, महामार्ग पोलीस आणि सेव्हलाइफ फाउंडेशन यांनी त्या वर्षी एकत्र काम हाती घेतलं. तीन-चार वर्षांत मृत्यूंचा आकडा शंभराच्या खाली आला. या मार्गावरच्या अपघातांचा जागेवर जाऊन, मोजमापं घेऊन अभ्यास जे.पी. रिसर्च इंडिया ही संस्था २०१२ पासून करत होती. गाडी रस्ता सोडून गेली तर ती कशावर आदळते, हा त्यात एक प्रश्न होता. उत्तरं अगदी साधी होती: पुलाचे उघडे खांब, कठड्याची भाल्यासारखी पुढे आलेली टोकं, कडेला उभा ट्रक. मग खांबांभोवती कठडे आले, टोकं वळवून जमिनीत घातली, थांबलेल्या ट्रकना हलवायला गस्त लागली. डुलकी लागलेल्या माणसाला झोप येऊ नये असा उपाय अजून सापडलेला नाही. डुलकीची शिक्षा मरण असू नये, एवढं करता येतं. हे काम एकदा करून संपत नाही, गस्त ढिली झाली की आकडे पुन्हा चढतात.

पंक्चरवाला

रुग्णवाहिकेच्या आधी अपघाताजवळ कोण पोचतं? ढाब्याचा पोऱ्या, दूधवाला, शेताला पाणी पाजणारा, पंक्चरवाला. कराडच्या पुढे महामार्गालगत असा एक पंक्चरवाला मला भेटला. मूळचा केरळचा, पंचवीस वर्षं इथं आहे, मराठी आपल्यासारखीच बोलतो. त्याच्या टपरीत कॉम्प्रेसरच्या मागे दाराची एक जुनी फळी उभी करून ठेवली आहे, तिला तीन पट्टे बांधलेले. शेजारी धुतलेल्या चादरी. आजवर किती जणांना त्या फळीवरून नेलं, त्यानं मोजलेलं नाही.

तो हे एका शिबिरात शिकला. त्यानं मला शिकवलं ते मी जसंच्या तसं इथं देते, कारण १९९६ मध्ये त्या वस्तीवर कुणाला हे माहीत असतं तर. गाडी पेटलेली नसेल, आणखी धडकेचा धोका नसेल, तर जखमीला ओढून काढायचं नाही. आधी मागच्या गाड्या थांबवायला एक माणूस लांब उभा करायचा. १०८ ला फोन करून किलोमीटरच्या दगडावरचा आकडा सांगायचा. रक्त वाहत असेल तिथं स्वच्छ कापड घट्ट दाबून धरायचं, पुन्हा पुन्हा उचलून बघायचं नाही. हेल्मेट खेचायचं नाही. पाणी पाजायचं नाही. बेशुद्धीत ते फुप्फुसात जातं, आणि पुढे ऑपरेशन लागलं तर भूल देणाऱ्याला अडचण. हलवावंच लागलं तर एकानं डोकं आणि मान दोन्ही हातांत धरून ठेवायची, बाकीच्यांनी ओंडका वळवावा तसं सगळं अंग एकसाथ वळवून फळीवर घ्यायचं. "डोकं धरणारा माणूस म्हणेल तेव्हाच उचलायचं. बाकीच्यांनी गप्प राहायचं," तो म्हणाला. खोपोली-लोणावळ्याकडची घाटात धावून जाणारी स्वयंसेवक मुलंही हेच सांगतात.

राज्यात १०८ ची सेवा २०१४ पासून आहे, ९३७ रुग्णवाहिकांनी सुरू झाली, आणि गाडीत डॉक्टर असतो ही आपल्याकडची मोठी गोष्ट. पण फोन करणारा माणूस आधी हवा, आणि तो घाबरतो. पोलीस चौकशी करतील, दवाखाना पैसे मागेल, साक्षीला बोलावतील. ही भीती पूर्वी खोटी नव्हती. ३० मार्च २०१६ ला सर्वोच्च न्यायालयानं मदत करणाऱ्याला संरक्षण देणाऱ्या मार्गदर्शक सूचनांना कायद्याचं बळ दिलं, आणि २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलमच आलं. मदत करणाऱ्यानं नाव सांगायचं की नाही हे त्याच्या मर्जीवर. त्याला थांबवून ठेवता येत नाही. मी महिनाभर भेटेल त्याला विचारत होते, हे माहीत आहे का. चहाच्या टपरीवर, एसटीत, लग्नात. बहुतेकांना नव्हतं. 'मदत करायला गेलो तर आपणच अडकतो' हे मात्र लहान मुलांनाही पाठ आहे.

मे २०२५ पासून केंद्राची योजना आहे: अपघातग्रस्ताला सात दिवसांपर्यंत, दीड लाख रुपयांपर्यंत रोकडरहित उपचार. पंक्चरवाल्यानं हे टपरीच्या पत्र्यावर ऑइलपेंटनं लिहून ठेवलंय. नातेवाईक येतात तेव्हा तो तिकडे हात करतो.

पिशवीतली वही

जिल्हा न्यायालयाच्या आवारात मोटार अपघात दावा न्यायाधिकरणासमोर बसलेली माणसं ओळखू येतात. प्रत्येकाच्या हातात दुकानाची पिशवी असते. त्यात फिर्याद, घटनास्थळाचा पंचनामा, पीएम रिपोर्ट, गाडीचं आरसी, विम्याची झेरॉक्स, रेशनकार्ड, औषधांची बिलं. मी ज्या बाईशेजारी बसले तिच्या पिशवीत आणखी एक गोष्ट होती, शंभर पानी वही. तिचा नवरा गवंडी होता, बत्तीस वर्षांचा. पायाच्या खड्ड्यापासून स्लॅबपर्यंत कोणत्या दिवशी कुठे काम, किती रोज, सगळं तो त्या वहीत लिहायचा. "ते लिहायचे तेव्हा मी चिडायची," ती म्हणाली. "जेवण निवायचं."

त्या वहीची किंमत तिच्या वकिलांनी मला समजावून सांगितली. सर्वोच्च न्यायालयाच्या २००९ च्या सरला वर्मा आणि २०१७ च्या प्रणय सेठी निकालांनी भरपाईची रीत घालून दिली आहे. समजा गवंड्याची कमाई महिना १२ हजार धरली. वय चाळिसाच्या आत, म्हणून पुढच्या वाढीपोटी त्यात ४० टक्के मिळवायचे, झाले १६ हजार ८००. बायको, दोन मुलं, आई असे चौघं अवलंबून, म्हणून त्याचा स्वतःचा खर्च एक चतुर्थांश वजा, उरले १२ हजार ६००. वर्षाचे १ लाख ५१ हजार २००. एकतीस ते पस्तीस वयाला सोळानं गुणायचं. २४ लाख १९ हजार २००. आता पुरावा नाही म्हणून न्यायाधिकरणानं कमाई आठ हजारच धरली, तर हाच हिशेब १६ लाख १२ हजार ८०० वर येतो. वही असणं आणि नसणं यात आठ लाखांचा फरक.

आणि जिच्या नावानं कुठलीच वही नसते ती घरातली बाई गेली तर? २०२१ च्या कीर्ती निकालात न्यायालयानं पुन्हा ठासून सांगितलं की घर चालवणाऱ्या बाईच्या कामाची कमाई धरलीच पाहिजे. स्वयंपाक, म्हाताऱ्यांचं पथ्य, जनावरांचं शेण, मुलांचं आजारपण. हे सगळं आपण जिवंतपणी मोजत नाही. न्यायाधिकरणात ते पहिल्यांदा आकड्यात मांडलं जातं.

तिच्या दाव्यातही उसाचा ट्रॅक्टर होता. विमा कंपनीचं म्हणणं, ट्रॅक्टरचा विमा शेतीकामासाठी होता, तो भाड्यानं ऊस ओढत होता. शिवाय ट्रॉलीचा वेगळा विमा नव्हता. हंगामातल्या किती दाव्यांत हा मुद्दा निघत असेल! विमा उतरवताना शेतकऱ्याला हे कुणीच सांगत नाही. मालकाकडे भरपाई द्यायला दोन एकर आणि एक कर्ज. चालक जामिनावर, तोही कुणाचा तरी बाप. तारखेला तो खांबाआड उभा होता, तिच्याकडे बघत नव्हता.

२०१९ च्या दुरुस्तीनं दाव्याला सहा महिन्यांची मुदत घातली आहे; तिला न्यायालयात आव्हानही दिलं गेलं आहे. सहा महिने कसे जातात ते तिनं सांगितलं: तेरावं, पोराची शाळा, सासूचं अंथरूण धरणं, मग दारात आलेला एजंट. तो दवाखान्यातूनच पत्ता घेऊन आला होता. टक्केवारीवर सही मागत होता. शेजारच्या गावच्या आशाताईनं तिला विधी सेवा प्राधिकरणात नेलं म्हणून ती इथवर पोचली.

दर दोन तासांनी

मामाच्या वेळी दावा करायला समोर कुणी नव्हतं. अज्ञात वाहन. पण तेव्हाही कायद्यात अशा जखमींना १२ हजार ५०० रुपयांची तरतूद होती, मृत्यूला २५ हजारांची. आता ती ५० हजार आणि दोन लाख आहे, अर्ज प्रांत किंवा तहसील कचेरीत करायचा असतो. आम्हाला हे कळलं मामा गेल्यानंतर, २००७ मध्ये.

मधली अकरा वर्षं मामीनं काढली. कमरेखालची संवेदना गेलेल्या माणसाला एकाच कुशीवर जास्त वेळ ठेवलं की कातडी मरते, जखम हाडापर्यंत जाते. म्हणून दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. गजराचं घड्याळ मामी उशाशी ठेवायची. लघवीची नळी, तिचा संसर्ग, ताप, मिरजेच्या फेऱ्या. हे तिला कुणी शिकवलं नव्हतं. पहिली जखम झाल्यावर ती शिकली. मुंबईत हाजीअलीला १९५५ पासून पुनर्वसनाची सरकारी संस्था आहे, हे आम्हाला ठाऊक नव्हतं. पण आमच्या शेजारी कोल्हापुरात नसीमा हुरजूक यांनी १९८४ मध्ये हेल्पर्स ऑफ दि हँडिकॅप्ड उभी केली होती. त्या स्वतः चाकाच्या खुर्चीवरून काम करत होत्या. तिथली माणसं पाहून आलेल्या एका मास्तरांनी मामाला एवढंच विचारलं, "हात चांगले आहेत ना?" पायमशीनचं पायडल निघालं, मशीनला हातानं फिरवायचं चाक बसवलं. एका हातानं चाक, एका हातानं कापड. मामानं त्यावर शाळेचे गणवेश शिवले. माझाही शिवला होता.

नोव्हेंबरचा तिसरा रविवार जगभर रस्त्यांवर गेलेल्यांच्या आठवणीचा दिवस म्हणून पाळतात. १९९३ मध्ये ब्रिटनमधल्या रोडपीस या संस्थेनं तो सुरू केला, २००५ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी मान्य केला. आमच्याकडे त्याच सुमाराला कारखान्यांचे बॉयलर पेटलेले असतात आणि रस्त्यावर पहिल्या ट्रॉल्या येतात. मामीला मी हे सांगितलं. ती आता सत्तरीत आहे. थोडा वेळ गप्प राहून म्हणाली, "गेलेल्यांची आठवण करतात. आणि राहिलेल्यांची?"

फडातून निघताना

मार्चमध्ये, हंगाम संपता संपता, मी मामेभावाच्या फडावर गेले. त्याची आता स्वतःची दोन ट्रॉल्यांची गाडी आहे. रात्री आठला शेवटची मोळी वर गेली. टोळीतल्या पोरांनी दोर आवळला. भावानं कोयता घेतला आणि मागे लोंबणारं पाचट फाळक्याच्या रेघेत छाटून टाकलं. मग कॅनमधलं पाणी फडक्यावर घेऊन त्यानं पट्टी पुसली, डावीकडून उजवीकडे, मग दुसऱ्या ट्रॉलीची. टोळीतला एक पोरगा म्हणाला, "मालक, रोज काय पुसताय?" भावानं उत्तर दिलं नाही.

तो रस्त्यावर उतरून मागे चालत गेला. पन्नास, साठ, सत्तर पावलं. अंधारात तो दिसेनासा झाला. मग त्यानं मोबाइलची बत्ती लावली आणि कानशिलाजवळ, डोळ्याच्या अगदी कडेला धरली. बत्ती लांब धरली तर उजेड डोळ्यात परत येत नाही, हे तो अनुभवानं शिकलाय. पट्टी लाल होऊन उठली असणार. मी ट्रॉलीजवळ उभी होते, मला ती दिसत नव्हती. मला फक्त लांबवर त्याच्या बत्तीचा ठिपका दिसत होता. तो थोडा वेळ तसाच थांबला. मग ठिपका हलला, आणि भाऊ ट्रॅक्टरकडे परत यायला लागला.